मदत हवी आहे: आगर एवढं मोठं असताना कुत्र्याला रोज फिरवायला न्यायला हवंच का?

नमस्कार मंडळी. आम्ही गुहागरला राहतो. घराच्या एका अंगाला माड-पोफळीचं आगर, पलीकडे सुरूचं बन आणि पुळण. दिरांना परदेशी जावं लागलं, तेव्हा त्यांचा लॅब्रेडॉर, बंड्या, पुण्याहून आमच्याकडे आला. वय चार वर्षं. तिकडे दोन्ही वेळा फिरायला जायचा. इथे पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत आणि येणाऱ्यांपैकी काहीजण घाबरतात, म्हणून दिवसभर पडवीच्या खांबाला बांधलेला असतो. रात्री आगरात मोकळा.

सासरे म्हणतात, "एवढं आगर आहे की त्याला! आपल्याकडे कायम कुत्रे होते, कुणी दोरी लावून फिरवले नाहीत." बंड्यावर त्यांचा फार जीव आहे, भाकरीचा पहिला तुकडा त्याचाच असतो. त्यामुळे त्यांच्याशी वाद घालावासा वाटत नाही. पण मला जे दिसतंय ते ठीक नाही. पुढचा उजवा पाय तो तासन्‌तास चाटत बसतो. मनगटाच्या वरचे केस गेलेत आणि रुपयाएवढा लाल, ओला चट्टा पडलाय. नखं इतकी वाढलीत की लादीवरून चालताना टकटक ऐकू येते. वजन 41 किलो झालंय. आणि रात्री मोकळा सोडला तरी तो काही धावत नाही. गडग्याच्या कडेने एक चक्कर मारतो आणि पायरीवर येऊन दाराकडे तोंड करून बसतो.

फिरवायचं तर कधी? आठ वाजताच घाम फुटतो. पावसाळ्यात काय करायचं? शेजारच्या वाडीतले कुत्रे अंगावर येतात त्यांचं काय? मिस्टर फिरतीवर असतात आणि सकाळी मी पाहुण्यांच्या नाश्त्यात अडकलेली. सासऱ्यांचा गुडघा दुखतो, पण समुद्रावर ते रोज जातात. कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

दापोलीहून:
ताई, तुमच्या सासऱ्यांचं एक बरोबर आहे, त्यांच्या लहानपणी कुणी कुत्र्याला दोरी लावून फिरवत नव्हतं. पण ते कुत्रे बसून होते का, हे त्यांनाच विचारा. सकाळी गुरांमागे सड्यावर, दुपारी माणसांबरोबर शेतावर, संध्याकाळी बंदरावर. दिवसभर चालणं व्हायचं, आणि तेही घरच्या माणसाच्या मागे. बंड्या बांधलेला आहे. त्याची तुलना त्या कुत्र्यांशी करायचीच तर त्यांच्याइतकं चालणंही त्याला मिळायला हवं.

आगर कितीही मोठं असलं तरी त्याच्यासाठी ती रोजचीच जागा. कुत्रा नाकाने जग वाचतो. पाखाडीच्या कोपऱ्यावर रात्री कोण येऊन गेलं, मासळी कुठे सुकत घातली, हे हुंगत जाणं म्हणजेच त्याचं फिरणं. त्याला ओढत नेऊ नका, थांबला तर थांबा. पाय चाटण्यामागे कंटाळा असू शकतो, पण गोचीड, बुरशी, अ‍ॅलर्जी यांनीही तसं होतं. चट्टा आधी डॉक्टरांना दाखवा.

वजनाचं मनावर घ्या. या जातीचा नर साधारण 29 ते 36 किलोचा असतो. 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिलं की लॅब्रेडॉरपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यात एका जनुकातला बदल असतो आणि त्यामुळे त्यांची भूक जास्त असते. म्हणजे तो आशाळभूतपणे बघतो तेव्हा उपाशी असतोच असं नाही. पहिला तुकडा द्या, फक्त तो त्याच्या रोजच्या खाण्यातून वजा करा.

वेळ म्हणाल तर नीट उजाडल्यावर लगेच, आणि पुन्हा ऊन उतरल्यावर. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो, आणि आपल्या दमट हवेत ते नीट होत नाही. जांभ्यावर किंवा डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर तिथून नेऊ नका. काळोखात मात्र नको. आपल्याकडे बिबट्या कुत्र्यासाठी वाडीत येतो. त्याच कारणाने रात्री त्याला आगरात मोकळा ठेवू नका, पडवीत आडोशाला घ्या.

लांज्याहून:
पावसाळ्यात चालणं बंद करू नका, रस्ता बदला. शेताचे बांध आणि साचलेलं पाणी टाळा. उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) पसरतो, माणसालाही होतो. लेप्टोची लस दर वर्षी द्यावी लागते, रेबीजबरोबर तीही दिलीय का बघा. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या आणि कानांमागे हात फिरवून गोचीड शोधा, पाय कोरडे करा.

दुसरं फुरसं, म्हणजे तो छोटा विषारी साप. सड्यावर, जांभ्याच्या दगडांखाली असतं आणि कुत्रा नाक घालतो नेमकं तिथेच. चावलं तर बांधू नका, कापू नका, चालवू नका. उचलून गाडीत घाला आणि थेट डॉक्टर. विषावरचं औषध त्यांच्याकडे असतं का, हे आजच फोन करून विचारून ठेवा.

वेळासहून:
गुहागरची पुळण म्हणजे कासवांचीही जागा. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात. 2023 मध्ये बागेश्री आणि गुहा या दोन माद्यांना ट्रान्समीटर लावून तुमच्याच किनाऱ्यावरून सोडलं होतं. कुत्रे घरटी उकरतात, म्हणून नोव्हेंबरपासून मे पर्यंत तरी पट्टा सोडू नका, कितीही शहाणा असला तरी. शिवाय समुद्राचं पाणी पिऊ देऊ नका, उलट्या-जुलाब होतात. जाळ्यातून टाकून दिलेला फुगा मासा विषारी असतो, त्याला तोंड लावू देऊ नका. आपलं पाणी बाटलीत न्या.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. दापोलीकरांचं गुरांमागच्या कुत्र्यांचं मी जेवताना सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ त्यांच्या जुन्या कुत्र्याबद्दल बोलत होते, तो त्यांच्याबरोबर वरवेलीपर्यंत चालत यायचा म्हणाले. मग आपणच म्हणाले, सकाळी समुद्रावर जातो तेव्हा नेतो याला. मला आनंद झाला आणि भीतीही वाटली. 41 किलोच्या कुत्र्याने हिसका दिला तर गुडघ्याचं काय?

दापोलीहून:
एकट्याने एवढ्यात नको. गळ्याऐवजी छातीचा पट्टा घ्या, पुढच्या बाजूला कडी असलेला. ओढला की कुत्रा आपोआप वळतो. दोरी हाताला गुंडाळायची नाही, हे त्यांना आधी सांगा. सुरुवातीला वाडीतला एखादा जाणता मुलगा दोरी धरेल आणि काका शेजारून चालतील. पहिल्या आठवड्यात दहा-पंधरा मिनिटं पुरेत, सवय नसलेल्या जड कुत्र्याचे सांधे दुखतात. दुसरे कुत्रे दिसले की लांबूनच रस्ता बदलायचा, काठी उगारायची नाही. नखं त्याआधी कापून घ्या.

धागाकर्ती:
शेजारचा अकरावीतला मुलगा तयार झालाय. छातीचा असा पट्टा चिपळूणला कुठे मिळतो कुणाला माहीत आहे का? छातीचा घेर 86 सेंटीमीटर आहे.