मदत हवी आहे: बातमीखालच्या प्रतिक्रिया वाचून सोडाव्यात की आल्यावर उडवाव्यात?

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं तालुक्यापुरतं बातम्यांचं संकेतस्थळ चालवतो. बातम्या लिहिणारे आम्हीच, जाहिराती आणणारे आम्हीच आणि रात्री अकराला प्रतिक्रिया उडवत बसणारेही आम्हीच.

शिव्यांची यादी करून फिल्टर लावला होता. पौष पौर्णिमेच्या सुमारास जेजुरीच्या गाढवांच्या बाजाराची बातमी टाकली, तर खाली एक प्रतिक्रिया येईल तर शपथ. 'गाढव' यादीत होतं! ते काढलं. पण शिव्या रोमन लिपीत दहा स्पेलिंगांनी येतातच, त्यांचं सोडा. खरी वाईट प्रतिक्रिया सभ्य असते. "आडनाव वाचलं, विषय संपला." यात अडवणार कुठला शब्द? ज्याला लागायचं त्याला बरोबर लागतं.

म्हणून प्रत्येक प्रतिक्रिया वाचूनच सोडावी म्हणतोय. वकील मित्र मात्र घाबरवतो: निवडून छापलंस की दुसऱ्यांनी लिहिलेल्या मजकुराबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९चं जे संरक्षण मिळतं ते गेलं. हे खरं आहे का? कुणी असं काम केलंय?

प्रतिसाद १
मित्राचं अर्धं बरोबर आहे. कलम ७९ मध्यस्थाला, म्हणजे दुसऱ्यांचा मजकूर नुसता दाखवणाऱ्याला, वाचवतं. मजकूर तुम्ही निवडला किंवा बदललात तर अडचण. पण त्याच कायद्याखालच्या २०२१च्या नियमांनुसार, बंदी असलेला मजकूर स्वतःहून काढल्याने ते संरक्षण जात नाही. तेव्हा उडवा बिनधास्त, पण दुरुस्त करू नका.

आणि नुसत्या फिल्टरवर विसंबू नका. एस्टोनियातल्या डेल्फी या संकेतस्थळाकडे शब्दांचा फिल्टर होता, तक्रारीचं बटण होतं. २००६मध्ये एका फेरीबोट कंपनीच्या बातमीखाली १८५ प्रतिक्रिया आल्या, त्यातल्या वीसेक त्या कंपनीच्या मालकावर तुटून पडणाऱ्या. वकिलाचं पत्र आलं त्याच दिवशी त्या काढल्या, पण तोवर सहा आठवडे गेले होते. तिथल्या कोर्टाने भरपाई लावली, साधारण ३२० युरो, आणि २०१५मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही ते योग्य ठरवलं. आपल्याकडे तो निकाल लागू नाही, पण सहा आठवडे हा आकडा लक्षात ठेवा.

धागाकर्ता
आभार. 'दुरुस्त करू नका' वाचून पोटात गोळा आला. आम्ही शिवीच्या जागी फुल्या टाकून बाकीची प्रतिक्रिया तशीच ठेवायचो, दोन वर्षं. फुल्याही बदलातच धरतात का?