विषय: दिवाळी पहाट – गाद्यांत ढेकूण, शनिवारपर्यंत काय करायचं?

मेधा:
मंडळी, तातडीचं आहे.

न्यूयॉर्कमधल्या आपल्या मंडळाच्या दिवाळी पहाटसाठी गाद्या आणि लोड काढायला काल प्रसाद आणि मी स्टोरेजमध्ये गेलो होतो. निळ्या पट्ट्यांच्या गादीत ढेकूण निघाले. एक जिवंत, आणि कडेच्या शिवणीत फिकट पिवळसर काती अडकलेल्या. शिवणीला लागून काळे बारीक ठिपके होते. ओल्या कापसाने एक पुसून पाहिला तर तो विरघळून तांबूस ओघळ आला, म्हणजे ती ढेकणांचीच विष्ठा. फोटो जोडलाय.

स्टोरेजमधलं काहीही कुणीही घरी नेऊ नका. नाटकाचे कपडेसुद्धा नाही. गाणाऱ्या बाई बैठकच हवी म्हणाल्यात, खुर्चीवर बसून गाणार नाहीत. तर लोड-गाद्यांचं आणि बाजाच्या पेटीचं काय करायचं ते आज ठरायला हवं.

अविनाश:
मेधाताई, फोटो धूसर आहे. कार्पेट बीटल, म्हणजे गालिचे खाणारा किडा, कशावरून नाही? आमच्या आधीच्या घरी तसलेच किडे निघाले होते आणि उगाच घबराट झाली होती.

दुसरं, स्टोरेज सामान समितीकडे आहे. आधी समितीला कळवून मग सगळ्यांच्या ईमेल लिस्टवर टाकायचं, असं गणपतीच्या वेळच्या मंडपाच्या प्रकारानंतर ठरलं होतं. आता लोक तिकिटं परत मागतील.

केतकी:
अविनाश, कार्पेट बीटल गोलसर असतो, पाठ फुगीर, अंगावर ठिपके, आणि त्याला पंख असतात. फोटोतला चपटा आहे, लालसर तपकिरी, साधारण ५ मिलिमीटर, पंख नाहीत. हा ढेकूणच.

आणि लिस्टवर टाकलं ते योग्यच केलं. गणपतीनंतर त्या गाद्या किती घरांतून फिरल्या ते सगळ्यांना माहीत आहे. ज्यांच्याकडे गेल्या त्यांनी आज रात्रीच टॉर्च घेऊन पलंगाची डोक्याकडची बाजू, गादीच्या शिवणी, गादीखालच्या बॉक्स स्प्रिंगची खालची जाळी आणि स्क्रूची भोकं तपासा. कुणी चावल्याची तक्रार करत नाही म्हणून घर साफ आहे असं धरू नका. आमच्याकडे एल्महर्स्टला असताना गांधी फक्त माझ्याच अंगावर उठायच्या. नवरा त्याच गादीवर झोपायचा, त्याला काही नाही. कित्येक आठवडे मी अ‍ॅलर्जीच्या गोळ्या खाल्ल्या. काहींच्या अंगावर उठतच नाही, काहींना उठायला चौदा दिवससुद्धा लागतात.

लाज वाटण्यासारखं यात काही नाही. ढेकूण घाणीला येत नाही, रक्ताला येतो. स्वच्छ घरातही येतो. आणि त्याच्यापासून रोग पसरत असल्याचा पुरावा नाही. झोप जाते आणि खाजवून जखमा होतात, ते मात्र खरं.

श्रीकांत (काका):
एवढं घाबरण्यासारखं काय आहे? गिरगावात आमच्या चाळीत घरोघरी ढेकूण होते. रविवारी खाटा गॅलरीत काढायच्या, सांध्यांत उकळतं पाणी ओतायचं, वरून रॉकेल नाहीतर टिक-ट्वेंटीचं औषध. नाट्यगृहाच्या खुर्च्यांतून तर तिकिटाबरोबरच घरी यायचे.

गाद्या दोन दिवस उन्हात टाका. हार्डवेअरच्या दुकानात धुराचे डबे मिळतात, ते स्टोरेजमध्ये सोडा. शनिवारपर्यंत काम होईल.

पेटीला मात्र कुणी हात लावायचा नाही. ती मी पुण्याहून मांडीवर घेऊन आणली आहे. तिच्यावर फवारा मारू देणार नाही.

मेधा:
काका, तुमचं उकळतं पाणी बरोबरच होतं. ढेकूण उष्णतेनेच मरतो. ५० अंश सेल्सिअसला, म्हणजे १२२ फॅरनहाइटला, ढेकूण आणि अंडी दोन्ही लगेच मरतात. ४८ अंशांना दीड तास लागतो. पण ती उष्णता गादीच्या पोटापर्यंत पोचायला हवी. न्यूयॉर्कच्या ऑक्टोबरातल्या उन्हाने वरचं कापडही तेवढं तापत नाही. ढेकूण मागच्या बाजूला सरकून बसतात, बस्स.

धुराचे डबे तर नकोच नको. ओहायो स्टेट विद्यापीठाने २०१२ साली त्यांची चाचणी घेतली. फटींत बसलेल्या ढेकणांवर जवळपास काहीच परिणाम झाला नाही. ढेकूण फटीतच राहतो, धूर वरच्या वर बसतो. शिवाय बऱ्याच ढेकणांना ती औषधं आता लागू पडत नाहीत.

स्पिरिट शिंपडायचा सल्लाही कुणी देऊ नका. त्याने घरं पेटलेली आहेत.

अविनाश:
मग लोड लाँड्रोमॅटच्या मोठ्या ड्रायरमध्ये फिरवू. जंक्शन बुलेव्हार्डला चौपट मोठे ड्रायर आहेत. समिती खर्च करेल.

केतकी:
अभ्रे आणि चादरी हो, लोड नको. ड्रायर पूर्ण गरम ठेवून अर्धा तास फिरवलं की कापडातले मरतात. लोडात मात्र कापूस ठासून भरलेला आहे. बाहेरून चटका बसेल आणि आतलं गारच राहील.

अभ्रे नेतानाही स्टोरेजमध्येच पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, ड्रायरच्या तोंडाशी उघडा, रिकामी पिशवी लगेच दुसऱ्या पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. टेबलावर घड्या घालत बसलात तर शेजारच्या बाईच्या टोपलीत जातील. त्या बिचारीने काय केलंय?

थंडीचाही विचार केला. शून्य फॅरनहाइटला चार दिवस लागतात. लोड मावेल असा डीप फ्रीझर आपल्यापैकी कुणाकडे आहे?

सुनंदा (मावशी):
भजनी मंडळाच्या सतरंज्या त्याच कपाटात आहेत. त्या मंडळाच्या नाहीत, आम्ही बायकांनी वर्गणी काढून घेतलेल्या आहेत. आम्हाला न विचारता फेकू नका.

कडुनिंबाचा पाला ठेवून चालेल का? आई धान्यात ठेवायची.

आणि माझा भाचा नुकताच शिकायला आलाय, वुडसाइडला खोली घेतलीये. त्याच्याकडे ढेकूण निघाले तर घरमालक म्हणतो तूच आणलेस, फवारणीचे पैसे तूच दे. परदेशातलं पोर, काय करायचं त्याने?

प्रसाद:
मावशी, भाच्याला पैसे देऊ नका म्हणून सांगा. न्यूयॉर्क शहरात ढेकूण काढण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने आधी लेखी कळवावं, फोटो ठेवावेत, आणि मालक हलला नाही तर ३११ या शहराच्या तक्रार क्रमांकावर तक्रार करावी. शहराचा निरीक्षक येतो. ढेकूण सापडले तर ते ब वर्गाचं, म्हणजे धोकादायक, उल्लंघन धरतात आणि मालकाला ३० दिवसांत दुरुस्ती करावी लागते. २०१० पासून नव्या भाडेकरूला खोलीचा आणि इमारतीचा मागच्या वर्षीचा ढेकणांचा इतिहास लेखी द्यावाच लागतो. भाच्याला तो कागद मिळाला होता का? नसेल तर तो मागायचा. २०१७ च्या कायद्याने मालकांना दरवर्षी शहराकडे अहवालही भरावा लागतो. तो शहराच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून कुणालाही पाहता येतो. नवीन मुलांनी खोली घेण्याआधी हे पाहावंच. खोली शोधणाऱ्यांच्या माहितीपत्रकात ही ओळ घाला असं मी मागेही लिहिलं होतं.

आणि त्याने रस्त्यावरचा पलंग किंवा सोफा उचलून आणू नये. कितीही चांगला दिसला तरी.

केतकी:
मावशी, पाल्याने नाही होणार. कडुनिंबाचं थंड पद्धतीने काढलेलं तेल ढेकणांसाठी इथे नोंदणीकृत आहे, पण ते थेट ढेकणाच्या अंगावर पडायला लागतं. सतरंज्या फेकायच्या नाहीत. पातळ आहेत, ड्रायरमध्ये छान होतील. तुमच्यासमोर करू.

श्रीकांत (काका):
पेटीबद्दल कुणी बोलत नाही. शनिवारी काय, नुसत्या तानपुऱ्यावर गाणार?

मेधा:
काका, पेटी मी झाकण काढून टॉर्चने पाहिली. भात्याच्या घड्यांत आणि पट्ट्यांखालच्या नमद्यात ठिपके दिसले नाहीत. पण ती त्या गादीला टेकून होती. अंडी एक मिलिमीटरची, पांढरी, फटीत चिकटलेली असतात, ती माझ्या नजरेतून सुटू शकतात. तापवली तर सरस आणि चामडं जाईल, ते मलाही नकोय. म्हणून तिला काहीच करायचं नाही, फक्त जाड पिशवीत हवाबंद करायची. मोठा ढेकूण उपाशी कित्येक महिने जगतो, त्यामुळे वर्षभर उघडायची नाही. बाईंच्या शेजारी ती ठेवली आणि एखादा ढेकूण त्यांच्या शालीतून त्यांच्या घरी गेला, तर आपण त्यांना काय तोंड दाखवणार?

श्रीकांत (काका):
वर्षभर वाजली नाही तर भाता आखडेल. पण तुझं म्हणणं पटतंय. पिशवी मी स्वतः बांधणार, आणि वर माझी चिठ्ठी लावणार.

प्रसाद:
काका, माझी पेटी घ्या. काळी चार पट्टीची आहे. आमच्याकडे गाद्या कधी आल्याच नाहीत, घरही तपासलं.

अविनाश:
समितीतर्फे: लोड आणि गाद्या प्लॅस्टिकमध्ये बांधून, ‘ढेकूण’ असं मोठ्या अक्षरात लिहून कचऱ्यात जातील, म्हणजे दुसरा कुणी उचलणार नाही. स्टोरेजवाल्यांना मी आजच कळवतो, शेजारच्या खोल्याही तपासायला हव्यात. मंचावर नवीन फोम टाकू, प्रेक्षक खुर्च्यांवर. नव्या लोडांचा खर्च किती ते नंतर बोलू, पण यापुढे सामान आत जाताना आणि बाहेर येताना तपासणारा माणूस समितीचाच असेल.

सुनंदा (मावशी):
फोमवर घालायला पांढऱ्या चादरी माझ्याकडे आहेत, ट्रंकेतल्या कोऱ्या. शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर कुणीतरी येऊन घेऊन जा, माझ्याने सात नंबरच्या ट्रेनने आणवणार नाहीत. आणि प्रसाद, भाच्याला तो कागद मिळालेला नाही. तुला फोन करायला सांगू का?