अंकगणिती श्रेढी: सूत्रातलं ‘वजा एक’ कसं समजावू? (इयत्ता दहावी, मदत हवी आहे)

लेक यंदा दहावीत आहे. श्रेढी म्हणजे दर वेळी सारखाच फरक पडत जाणाऱ्या संख्यांची रांग. तिचं सूत्र, एनावं पद = पहिलं पद + (एन − १) × फरक, लेकीला पाठ आहे, पण त्यात एन वजा १ का, हे तिला पटत नाही आणि मला नीट सांगता येत नाही. म्हणून ओळखीचं उदाहरण घेतलं, १५ ते ८ ठिपक्यांची रांगोळी. मधली ओळ १५ ची, मग वर आणि खाली एकेक ठिपका कमी होत शेवटची ओळ ८ ची.

मधल्या ओळीसकट वरचा भाग: ८, ९, १० ... १५. तिने नियम मांडला, ठिपके = ८ + ओळीचा क्रमांक. पहिल्याच ओळीला ९ आले! मग ओळी किती, तर १५ वजा ८, म्हणजे ७. बेरीज केली, ७ × (८ + १५) ÷ २. उत्तर साडेऐंशी. अर्धा ठिपका आला कुठून म्हणून ती रडकुंडीला आली. कागदावर बोट ठेवून मोजल्या तर ओळी ८ भरतात.

घोकंपट्टी न करता हे कसं सांगू? आणि अख्ख्या रांगोळीचे ठिपके सूत्राने निघतील का?

प्रतिसाद १
ताई, तिला ओळींऐवजी उड्या मोजायला सांगा. पहिल्या ओळीवर ती उभीच आहे, उडी मारलेली नाही. आठव्या ओळीपर्यंत उड्या सात. तिचे ७ बरोबरच आहेत, फक्त त्या उड्या आहेत. म्हणून ८ + (एन − १), म्हणजे एन + ७. क्रमिका ७, ११, १५ अशी असेल तर ७ + (एन − १) × ४, म्हणजे ४ एन + ३. सूत्र तयार झालं की एनच्या जागी १ घालून पहिलं पद येतंय ना, ते बघायचंच. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त याला ‘व्येकपद’ म्हटलंय, एक वजा केलेली पदांची संख्या.

वरचा भाग ८ × २३ ÷ २ = ९२. खाली १४ ते ८ अशा सात ओळी, ७ × २२ ÷ २ = ७७. एकूण १६९.

प्रतिसाद २
मधल्या ठिपक्यापासूनही मोजून बघा. त्याच्याभोवती पहिला वेढा ६ ठिपक्यांचा, मग १२, १८, सातवा ४२ चा. हीसुद्धा श्रेढीच! ७ × ४८ ÷ २ = १६८, अधिक मधला एक.

धागाकर्ती
उड्यांचं लगेच पटलं तिला. वेढे तिने पेन्सिलीने गिरवून पाहिले, मग आपणहून १३ ते ७ ची घेतली. सहा वेढे, ६ × ४२ ÷ २ = १२६, अधिक एक. ठिपके मोजले, १२७ च भरले. दोघांचे मनापासून आभार.