‘फोल्ड’ म्हणजे घडीच ना? मग सगळ्या घड्या सापडल्या का?

प्रश्न
‘निसर्गातले सगळे प्रोटीन फोल्ड सापडले आहेत का?’ हे वाक्य मराठीत आणायचे आहे. फोल्डला घडी म्हणावे, दुमड की गुंडाळी? आणि मिसफोल्डिंगला ‘घडी विस्कटणे’ चालेल?

प्रतिसाद १
घडीच. दुमड एका जागची असते, कागदाचा कोपरा दुमडतो. गुंडाळी एकाच दिशेने फिरत जाते. घडीत कुठला पदर कशावर येणार हे ठरलेले असते आणि फोल्डचा अर्थ नेमका तोच: हेलिक्स (मळसूत्री भाग) आणि बीटा पट्ट्या (ताणलेले, शेजारी-शेजारी बसणारे भाग) किती, त्यांची मांडणी कशी, प्रोटीनची अमिनो आम्लांची साखळी त्यांतून कोणत्या क्रमाने जाते.

क्रियापद मात्र ‘बसणे’ घ्या, ‘घालणे’ नको. घालायला कोणीतरी लागतो. जीवरसायनशास्त्रज्ञ अनफिन्सन यांनी १२४ अमिनो आम्लांचे रायबोन्यूक्लिएज हे एन्झाइम ८ मोलर युरियात मर्कॅप्टोइथेनॉल घालून पूर्ण उलगडले, त्याचे चारही डायसल्फाइड बंध (सिस्टीन या अमिनो आम्लांच्या जोड्यांमधले) तोडले. दोन्ही रसायने काढल्यावर घडी आपोआप बसली, एन्झाइम पुन्हा काम करू लागले. युरिया तसाच ठेवून बंध जुळू दिले तर मात्र जेमतेम एक टक्का क्रिया परतते, कारण ८ सिस्टीनच्या जोड्या १०५ प्रकारे लागू शकतात आणि बरोबर प्रकार एकच.

प्रतिसाद २
पण पेशीत शॅपरोन, म्हणजे घडी बसताना मदत करणारी प्रोटीन असतात. मग घालणारे आहेतच की!

प्रतिसाद १
आकार ते ठरवत नाहीत, तो अमिनो आम्लांच्या क्रमातच असतो. अर्धवट घडीतल्या साखळ्या एकमेकींना चिकटू नयेत एवढे ते बघतात. म्हणून ‘घडी बसायला मदत’.

मिसफोल्डिंगला ‘विस्कटणे’ चुकेल. चुकीच्या घडीची प्रोटीन एकमेकांना चिकटून बनणाऱ्या अमिलॉइड तंतूत पट्ट्या ४.७ अँगस्ट्रॉमच्या अंतराने शिस्तीत रचलेल्या असतात, त्याला विस्कटलेले कसे म्हणणार? तिथे ‘चुकीची घडी बसणे’. विस्कटणे राखून ठेवा उष्णतेसाठी आणि युरियासाठी.

प्रतिसाद ३
शब्द ठरला, पण त्या वाक्यातला खरा घोळ ‘सापडले’मध्ये आहे. रचना आणि घडी एक नव्हे. प्रोटीनच्या रचना घडीनुसार लावणाऱ्या स्कोप वर्गीकरणाच्या २००९ च्या १.७५ आवृत्तीत रचनांच्या ३८,२२१ नोंदी होत्या आणि घड्या फक्त १,१९५. टिम बॅरल ही घडीच घ्या: आत ८ पट्ट्यांचे पिंप, बाहेर ८ हेलिक्स. एवढ्या एका घडीवर कितीतरी वेगवेगळी कामे करणारी एन्झाइमे उभी आहेत. संशोधक चोथिया यांचा १९९२ चा ‘सुमारे हजार’ हा अंदाजही कुटुंबांचा, म्हणजे एकाच पूर्वजापासून आलेल्या प्रोटीनच्या गटांचा होता. लोक तो सर्रास घड्यांचा म्हणून देतात.

२०२२ पासून क्रमावरून रचना सांगणाऱ्या अल्फाफोल्ड या एआय प्रणालीच्या साठ्यात २० कोटींहून जास्त रचना आहेत, पण त्या भाकिते आहेत. त्यातली एखादी घडी ‘नवी’ म्हणण्याआधी साखळी डोमेनमध्ये, म्हणजे स्वतंत्रपणे घडी बसणाऱ्या भागांत तोडा. दोन जुने डोमेन एकत्र मोजले की हमखास नवी घडी ‘सापडते’. पीएलडीडीटी (भाकितावर किती विश्वास ठेवावा याचा १०० पैकी गुण) ७० च्या खालचे भाग वगळा, ५० च्या खाली बहुधा घडीच नसते. मग फोल्डसीक या रचना ताडणाऱ्या प्रोग्रामने ज्ञात रचनांशी ताडून टीएम-स्कोअर (दोन रचना किती जुळतात याचा १ पैकी गुण) बघा. ०.५ च्या वर गेला तर साधारणपणे तीच घडी. हा स्कोअर दोन्ही लांबींनी काढावा लागतो: फक्त लहान साखळीच्या लांबीने भागलात तर मोठ्या प्रोटीनमधला कुठलातरी तुकडा जुळून आकडा फुगतो, फक्त मोठीच्या लांबीने भागलात तर जुनी घडीही नवी वाटते. शेवटी साखळीचा क्रम डोळ्यांनी तपासा. मांडणी तीच आणि क्रम वेगळा असेल तर स्कोपच्या व्याख्येने ती वेगळी घडी.

माझे मत: वारंवार येणाऱ्या घड्या जवळपास सगळ्या हाती आल्या आहेत. एखाद्याच कुटुंबात दिसणाऱ्या विरळ घड्या अजून निघतील. आकडा छातीठोकपणे सांगणाऱ्याला आधी विचारा, रेघ कुठे ओढली?

प्रतिसाद २
‘निसर्गातले’ हा शब्द गाळला तर चालेल? वाक्य लांबतंय.

प्रतिसाद ३
अजिबात नाही. २००३ मध्ये संशोधक बेकर यांच्या गटाने ९३ अमिनो आम्लांचे टॉप७ हे कृत्रिम प्रोटीन बनवले, तेव्हा ती घडी निसर्गात कुठेच दिसलेली नव्हती. शक्य घड्या आणि निसर्गाने वापरलेल्या घड्या हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

प्रतिसाद १
मग असे लिहा: ‘निसर्गातल्या प्रथिनांच्या घडीचे सगळे प्रकार आपल्याला माहीत झाले आहेत का?’ नुसत्या ‘घड्या’ लिहिल्यात तर घटकाभराची घडी समजणारा वाचक भेटतोच.