‘जादा वेळ’ म्हणजे नेमकी कोणती वेळ?

कोपऱ्यावरचा झेंडा
फुटबॉलच्या युरो २०२४ मधल्या इंग्लंड-स्लोवाकिया सामन्याचं वर्णन मराठीत करताना एक वाक्य अडलंय. श्रान्झने २५व्या मिनिटाला स्लोवाकियाला आघाडी दिली, ९०+५ ला इंग्लंडच्या बेलिंगहॅमने बरोबरी साधली, ९१व्या मिनिटाला केनने विजयी गोल केला. मसुद्यात हे असं उतरलं : ‘जादा वेळेच्या पाचव्या मिनिटाला बेलिंगहॅमने बरोबरी साधली आणि जादा वेळेच्या पहिल्याच मिनिटाला केनने विजयी गोल केला.’ वाचणाऱ्याने लगेच विचारलं, पाचवं मिनिट पहिल्याच्या आधी कसं आलं? घटनाक्रम बरोबर आहे, शब्द दगा देतोय. या दोन वेळांना सर्रास एकच शब्द वापरला जातो. वेगळे शब्द कोणते वापरावेत?

मधली फळी
पहिली ती भरपाई वेळ, दुसरी ती जादा वेळ. बदली खेळाडू, जखमी खेळाडूची तपासणी, कार्ड, व्हीएआरची (व्हिडिओ पंचाची) पडताळणी, गोलनंतरचा जल्लोष, मुद्दाम केलेला वेळकाढूपणा यांत खेळाचा जो वेळ गेला तो पंच त्याच अर्धाच्या शेवटी भरून देतो, म्हणून भरपाई. जादा वेळ हा बाद फेरीतला वेगळा तुकडा आहे. ९० मिनिटांत निकाल लागला नाही तर जास्तीत जास्त पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन भाग खेळवतात, सुरुवातीला पुन्हा नाणेफेक होते, मध्ये बाजू बदलतात. युरोत त्यासाठी सहावा बदली खेळाडूही मिळत होता. भरपाई वेळेत यातलं काहीच होत नाही.

डावा बचाव
आणि जादा वेळेच्या प्रत्येक भागालाही स्वतःची भरपाई असते. १०५+१ लिहिलेलं दिसतं ते त्यामुळेच. दोन्हींना ‘जादा’ म्हटलं तर १०५+१ला ‘जादा वेळेतली जादा वेळ’ म्हणावं लागेल.

मधली फळी
बरोबर. आणखी एक चूक नेहमी होते, ‘पंचांनी १० मिनिटं जादा दिली’ असं लिहितात. चौथा पंच फलकावर दाखवतो तो कमीत कमी आकडा. मुख्य पंच तो वाढवू शकतो, कमी करू शकत नाही. २०२२च्या विश्वचषकात अर्जेंटिनाविरुद्ध नेदरलँड्सच्या वेगहॉर्स्टने बरोबरीचा गोल केला तो ९०+११ ला, फलकावर १० असताना. त्यावर ‘वेळ संपल्यावर गोल दिला’ अशी ओरड झाली. ‘किमान भरपाई’ हे दोन शब्द लिहिले असते तर तो गैरसमज झाला नसता.

निर्मळ
‘जादा’ मुळात अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द. ‘अतिरिक्त वेळ’ हा स्वच्छ पर्याय असताना त्याची गरज काय?

डावा बचाव
स्वच्छ असेल, पण नेमका नाही. ‘अतिरिक्त’ म्हणजे उरलेलं, वरचं. तो शब्द दोन्ही वेळांना लागू पडतो आणि वर्तमानपत्रांत दोन्हींना लावलेला दिसतोही. ‘जादा’ काढून ‘अतिरिक्त’ घातला तरी मूळ वाक्य तितकंच गोंधळाचं राहतं. शब्द कुठून आला हा प्रश्न नाहीच, तो काय वेगळं करून दाखवतो ते पाहा.

निर्मळ
मग ‘भरपाई’ तरी नेमका कसा? भरपाई नुकसानीची मागतात, पिकाची, अपघाताची. खेळाचं कसलं नुकसान झालं?

अकरावा
‘भर’ आणि ‘पावणे’ हे त्याचं मूळ धरलं तर पुरेपूर पावणं, म्हणजे हिशेब पूर्ण होणं असा अर्थ निघतो. मला तो इथे फार चपखल वाटतो. ४५ मिनिटं कबूल केली होती, ४१ खेळली गेली, ४ अजून द्यायची आहेत. नियमही हिशेबाचाच आहे. पूर्वार्धात पंचाची वेळ चुकली तर ती उत्तरार्ध लांबवून किंवा आखडून भरून काढता येत नाही, ज्या त्या अर्धाचा हिशेब तिथेच मिटतो. फसवा शब्द म्हणायचा तर याच वेळेला इंग्रजीत म्हणतात तो ‘इंज्युरी टाइम’. दुखापत हे अनेक कारणांपैकी एक. कुणी जखमी झालं नाही तरी बदली खेळाडू आणि व्हीएआरमुळे सहा-सात मिनिटं सहज जमतात.

मला खरा आक्षेप वेगळ्याच ठिकाणी आहे. ‘भरपाई वेळेत’ की ‘भरपाई वेळात’? घड्याळातला क्षण किंवा प्रसंग असेल तर ‘ती वेळ’ : जेवायची वेळ झाली. कालावधी असेल तर ‘तो वेळ’ : फार वेळ गेला, थोड्या वेळात येतो. ‘थोड्या वेळेत येतो’ असं कुणी म्हणत नाही. भरपाई हा कालावधी आहे, म्हणजे ‘भरपाई वेळात गोल’ हवं. वर मधली फळी यांनी एकाच प्रतिसादात ‘जादा वेळ हा वेगळा तुकडा’ आणि ‘भरपाई वेळेत’ असं दोन्ही लिहिलंय.

मधली फळी
लिहिलंय, आणि तसंच लिहीन. ‘निर्धारित वेळेत सामना १-१’ हे रूप क्रीडापानावर पक्कं बसलेलं आहे. तिथे वेळ म्हणजे आखून दिलेली मुदत, ‘वेळेत पोहोचला’ मधली. त्याच्याच जोडीने ‘जादा वेळेत’, ‘भरपाई वेळेत’ आलं. ‘भरपाई वेळात’ वाचलं की छपाईची चूक वाटते.

अकरावा
मुदत आखून दिलेली असते. भरपाई कधी संपणार हे पंचाच्या शिट्टीपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं, मग ती मुदत कशी? सवय झाली म्हणून व्याकरण बदलत नाही.

डावा बचाव
सवयीनेच बदलतं. नाहीतर ‘गोल’ हा शब्द तरी मराठीत पुल्लिंगी कुणी ठरवला?

कोपऱ्यावरचा झेंडा
सध्या असं केलंय : ‘भरपाईच्या पाचव्या मिनिटाला बेलिंगहॅमने बरोबरी साधली, मग जादा वेळ सुरू होताच केनने विजयी गोल केला.’ ‘वेळेत’ आणि ‘वेळात’ दोन्ही टळलं. पण आता पुढच्या परिच्छेदात अडलोय. स्वित्झर्लंडविरुद्ध १-१, मग पेनल्टी शूटआउटमध्ये ५-३. ‘इंग्लंडने स्वित्झर्लंडला हरवले’ असं लिहू ना?

मधली फळी
नको. नोंदीत तो सामना बरोबरीचा. शूटआउट फक्त पुढे कोण जाणार ते ठरवतं. त्या स्पर्धेत इंग्लंडच्या खात्यावर ३ विजय, ३ बरोबऱ्या आणि अंतिम सामन्यातला १ पराभव आहे. २०२२ला जगज्जेता झालेल्या अर्जेंटिनाची नोंदही ४ विजय, २ बरोबऱ्या, १ पराभव अशीच, कारण नेदरलँड्सविरुद्धचा २-२ आणि फ्रान्सविरुद्धचा अंतिम सामना ३-३, दोन्ही शूटआउटवर सुटले. शूटआउटमधले गोल खेळाडूच्या गोलसंख्येतही धरत नाहीत. ‘शूटआउटमध्ये मात केली’ किंवा ‘शूटआउटमध्ये सरशी’ लिहा.

निर्मळ
‘बरोबरी’ ऐवजी ‘अनिर्णित’ का नको?

डावा बचाव
तो क्रिकेटचा शब्द आहे. पाच दिवस संपले, डाव अपुरा राहिला, निर्णय झाला नाही, म्हणून अनिर्णित. तिथे बरोबरी वेगळी असते, धावा समसमान झाल्या की होते ती. फुटबॉलमध्ये १-१ हा पूर्ण झालेला निकाल आहे, साखळीत दोघांना एकेक गुण मिळतो. तो अनिर्णित कसा?

रेषेबाहेर
शब्दांवरून चाललंच आहे तर त्याच स्पर्धेतलं ‘केनचा सूर हरपला’ हे वाक्यही तपासा. बुंडेसलीगात (जर्मन लीगमध्ये) २०२३-२४ला ३२ सामन्यांत ३६ गोल केलेला खेळाडू. युरोत ३ गोल, त्यातला एक पेनल्टीवर, आणि अंतिम सामन्यात तासाभरातच बाहेर. तरी तेवढ्या गोलांवर तो सर्वाधिक गोल करणाऱ्या सहा जणांत होता, श्रान्झच्या बरोबरीने. हा ‘फॉर्म गेला’ की ‘सूर हरपला’?

अकरावा
‘सूर’ गाण्यातून आला, तो एकट्याचा असतो. केनचं बिनसलं होतं ते बऱ्याच अंशी संघाच्या मांडणीमुळे. डाव्या बगलेवर बराच काळ उजव्या पायाचा ट्रिपियर, त्याच्यापुढचा फोडेन आत सरकणारा, बेलिंगहॅमही मध्येच. केन मागे येऊन चेंडू घ्यायचा तेव्हा त्याच्या पुढून धावत जाणारा कुणी नसायचा. त्याला ‘सूर हरपला’ म्हणणं अन्यायाचं आहे. सूर हरपलेला आघाडीवीर म्हणजे चेंडू पायाशी असून पहिला स्पर्श चुकणारा, सहा यार्डांवरून बाहेर मारणारा.

डावा बचाव
म्हणून नुसते गोल मोजू नयेत, संधींची किंमत, म्हणजे त्या फटक्याचा गोल होण्याची शक्यता, पाहावी. पेनल्टी साधारण पाऊण गोलाची, लांबून मारलेला फटका पाच टक्क्यांच्याही खाली. संधी येताहेत आणि गोल होत नाहीत, तर वाट पाहता येते. संधीच येत नसतील तर दोष मांडणीत शोधायचा. मराठीत या दोन्हींना ‘फॉर्म हरवला’ म्हणून मोकळे होतात.

रेषेबाहेर
आणि संघाचा फॉर्म म्हणजे मागच्या पाच सामन्यांची ओळ, विजय-विजय-बरोबरी-पराभव-विजय. तिला ‘सूर’ म्हणता येत नाही. ‘फॉर्म’च हवा.

निर्मळ
‘लय’ चालेल. लय सगळ्या मेळाची असते.

अकरावा
लय ही चालू खेळाची. पाच सामन्यांच्या ओळीत कसली लय? शिवाय ‘फॉर्मात असणे’ हा आता मराठी वाक्प्रचारच आहे, त्याला ‘-त’ प्रत्यय लागून विभक्तीसुद्धा झाली.

मधली फळी
‘फॉर्मात’, ‘फॉर्मात’च ना? ‘फॉर्ममध्ये’ नाही. मग ‘वेळेत’वर एवढा राग का?

अकरावा
कारण फॉर्मला लिंग एकच आहे आणि वेळेला दोन.