सिगारची आवड प्रदेशावर ठरते की पानावर? क्युबा, निकाराग्वा, डॉमिनिकन यांविषयी प्रश्न

कोपरीकर (धागाकर्ता)

सिगार ओढणाऱ्याची आवड तंबाखू कोणत्या प्रदेशात पिकली यावर खरोखर ठरते, की खोक्यावर छापलेल्या देशाच्या नावावर, हा प्रश्न येथील जाणकारांपुढे मांडत आहे. ठाण्यात आम्हा मित्रांचा एक लहान गट आहे आणि घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या मित्राच्या घरी आम्ही अधूनमधून जमतो. गटातील दोघांच्या मते क्युबाखेरीज दुसऱ्या देशाची सिगार म्हणजे निव्वळ नाइलाज. एक जण डॉमिनिकन रिपब्लिकच्या सौम्य सिगारवर पूर्ण समाधानी आहे. मला स्वतःला निकाराग्वाच्या सिगारमधला मिऱ्यासारखा तिखटपणा अधिक रुचतो. अडचण अशी की निकाराग्वाच्याच दुसऱ्या एका सिगारमध्ये तो तिखटपणा मुळीच नव्हता, उलट धूर गोडसर आणि मऊ होता. डॉमिनिकन म्हणून घेतलेली एक सिगार मात्र इतकी कडक निघाली की अर्ध्यावरच तंबाखू लागली आणि ती ठेवून द्यावी लागली.

एकाच देशाच्या सिगारमध्ये इतका फरक कशामुळे पडतो? माती, बियाणे, झाडावरील पानाची जागा आणि नंतरची प्रक्रिया यांपैकी चवीवर सर्वाधिक प्रभाव कशाचा असतो? आणि प्रदेशांची तुलना न्याय्य रीतीने करायची तर सिगार कशा निवडाव्यात? दुकाने आणि किमती यांची चर्चा अन्यत्र पुष्कळ झाली आहे, म्हणून ती येथे टाळावी, ही विनंती.


घणसोलीकर

आपल्या गटातील मतभेदाचे मूळ सिगारच्या बांधणीत आहे, असे मला वाटते. सिगारमध्ये तीन प्रकारची पाने असतात: आतील भरणाचा फिलर, त्याला धरून ठेवणारा बाइंडर आणि बाहेरून गुंडाळलेला रॅपर. खोक्यावरील देशाचे नाव सिगार कोठे वळली गेली एवढेच सांगते, ही तीन पाने कोठे पिकली ते सांगत नाही. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये वळलेल्या सिगारवर इक्वेडोरचा रॅपर आणि आत निकाराग्वाचा फिलर असणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. तेव्हा आपल्याला जी ‘डॉमिनिकन’ सिगार लागली, तिच्यातील कडकपणा डॉमिनिकन मातीतून आलेला असेलच असे नाही.

दुसरी बाब पानाच्या जागेची. त्याच शेतात, त्याच झाडावर, खालची पाने पातळ आणि हलकी असतात, त्यांना व्होलाडो म्हणतात. ती चांगली जळतात, पण चवीला फारसे काही देत नाहीत. मधल्या पानांना सेको म्हणतात आणि सुगंध मुख्यतः त्यांच्यातून येतो. शेंड्याकडील लिखेरो पानांना ऊन सर्वाधिक मिळते. ती जाड, तेलकट आणि कडक असतात व सावकाश जळतात, म्हणून कारागीर ती भरणाच्या मध्यभागी ठेवतो. लिखेरोचे प्रमाण वाढवले की कोणत्याही देशाची सिगार कडक होते. माझ्या मते नवख्या माणसाला ‘देशाचा फरक’ म्हणून जो जाणवतो, तो पुष्कळदा याच प्रमाणाचा फरक असतो.

याचा अर्थ मातीला महत्त्व नाही असा मात्र नाही, आणि त्याचे उत्तम उदाहरण आपल्या आवडत्या निकाराग्वातच सापडते. त्या देशाच्या उत्तर भागात एस्तेली, कोंदेगा आणि हालापा ही तीन तंबाखूची खोरी आहेत. एस्तेलीची जमीन काळी, भारी आणि ज्वालामुखीजन्य आहे. तेथील पान जाड आणि जोरदार येते आणि आपण म्हणता तो तिखटपणा बहुतेक वेळा तिथलाच असतो. होंडुरासच्या सीमेलगतच्या हालापात माती तांबूस, हवा अधिक दमट आणि आभाळ अधिक ढगाळ असते, त्यामुळे पान नरम, लवचीक आणि गोडसर निघते व त्याचा रॅपरही चांगला होतो. कोंदेगाचे पान या दोहोंच्या मधले. यांखेरीज निकाराग्वा सरोवरात ओमेतेपे नावाचे दोन ज्वालामुखींचे बेट आहे. तिथल्या पानाला मातकट गोडवा असतो आणि तो एकदा ओळखीचा झाला की मिश्रणातही सापडतो. आपली गोडसर निघालेली सिगार हालापाच्या पानावर बेतलेली असण्याची शक्यता मोठी आहे. ‘निकाराग्वा आवडते’ असे म्हणण्याऐवजी ‘एस्तेली आवडते’ असे म्हणून पाहावे. निवड पुष्कळ सोपी होते.

रॅपरच्या बाबतीत मातीइतकाच प्रकाश महत्त्वाचा. अमेरिकेतील कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात 1900 च्या सुमारास शेतावर कापडाचे मांडव घालून तंबाखू पिकवण्यास सुरुवात झाली. मांडवाखालचे पान पातळ, फिकट आणि सौम्य येते. इक्वेडोरमध्ये अँडीज पर्वताच्या पश्चिमेकडील पट्ट्यात ढगच मांडवाचे काम करतात, म्हणून कनेक्टिकट, सुमात्रा आणि हबानो अशा निरनिराळ्या बियाण्यांचे रॅपर तेथे पिकतात. याउलट कनेक्टिकटचेच ब्रॉडलीफ पान उघड्या उन्हात वाढवतात. ते जाड असते आणि दीर्घ आंबवणीनंतर गडद काळसर होते. मेक्सिकोतील सान आंद्रेस आणि ब्राझीलच्या बाइया राज्यातील माता फिना ही पानेही गडद रॅपरसाठी प्रसिद्ध आहेत. कॅमेरूनचे पान हाताला बारीक दाणेदार लागते, हे बोट फिरवून पाहण्यासारखे आहे.

तुलनेसाठी माझी सूचना अशी. ज्या सिगारमधील तिन्ही पाने एकाच देशातील असतात तिला ‘पुरो’ म्हणतात. निकाराग्वाची पुरो, डॉमिनिकन पुरो आणि होंडुरासची पुरो, तिन्ही एकाच लांबीजाडीच्या घ्याव्यात, कारण जाडी बदलली की रॅपर आणि फिलर यांचे प्रमाण बदलते आणि तुलना बिघडते. एका बैठकीत एकच ओढावी, जेवणानंतर साधारण तेवढाच वेळ गेलेला असावा आणि सोबत पाणीच ठेवावे. दुसरी सिगार पेटेपर्यंत जीभ थकलेली असते, त्यामुळे एकाच संध्याकाळी केलेल्या तुलनेवर माझा विश्वास नाही.


पाचपाखाडी

घणसोलीकरांचे विवेचन मान्य आहे; पण क्युबाच्या बाजूने काही लिहिणे आवश्यक वाटते. क्युबात अधिकृतपणे बनणाऱ्या प्रत्येक हाबानो सिगारमधील तिन्ही पाने क्युबातीलच असतात. त्यामुळे ज्याला क्युबाची सिगार आवडते, त्याची आवड ही खऱ्या अर्थाने प्रदेशाची आवड ठरते, जे इतर देशांविषयी प्रत्येक वेळी म्हणता येत नाही. पिनार देल रिओ प्रांतातील व्हुएल्ता अबाहो हा भाग यात अग्रगण्य आहे. सान लुईस आणि सान हुआन इ मार्तिनेस ही गावे त्याच भागातली, आणि रॅपर, बाइंडर व फिलर ही तिन्ही पाने पिकवणारा क्युबातील तो एकमेव विभाग आहे. तिथल्या धुरात मला जो लाकूड, मध आणि किंचित मातीचा गंध एकत्र मिळतो, तो निकाराग्वाच्या कितीही उत्तम सिगारमध्ये मिळालेला नाही, आणि हे मत मी नाव झाकून ओढलेल्या सिगारवरून बनवले आहे.

बियाण्याचा प्रश्न आपण विचारला, पण त्याचे उत्तर वर आलेले नाही. 1960 मध्ये क्युबातील तंबाखू उद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि 1962 मध्ये अमेरिकेने संपूर्ण व्यापारबंदी लादली. या काळात अनेक तंबाखू व्यावसायिक कुटुंबे देश सोडून गेली आणि क्युबाचे बियाणे होंडुरास, निकाराग्वा व डॉमिनिकन रिपब्लिक येथे रुजले. म्हणजे बियाणे तेच आणि माती वेगळी, असा एक मोठा प्रयोगच इतिहासाने करून ठेवला आहे. त्या प्रयोगाचे फलित इतके स्वच्छ आहे की मातीचे महत्त्व मी घणसोलीकरांपेक्षा अधिक मानतो. क्युबातही बियाणे स्थिर राहिलेले नाही: सान लुईसजवळच्या एल कोरोहो शेतावर विकसित झालेला कोरोहो वाण अनेक दशके रॅपरसाठी वापरात होता, परंतु तो निळ्या बुरशीला बळी पडत असल्यामुळे 1990 च्या दशकात त्याची जागा रोगप्रतिकारक वाणांनी घेतली. जुनी क्युबन सिगार आणि आजची क्युबन सिगार यांच्या चवीत जुन्या मंडळींना जो फरक वाटतो, त्याचे एक कारण हेही आहे.

एक सावधगिरी. गटातील दोघांची क्युबन सिगार खरोखर क्युबन आहे याची आधी खात्री करावी. पर्यटकांच्या गळ्यात पडणारी काचेच्या झाकणाची खोकी हमखास बनावट असतात, आणि बनावट सिगारवरून क्युबाचा निवाडा करणे क्युबावर अन्यायाचे होईल.


निपाणी_ते_ऐरोली

आमचे मूळ घर निपाणीचे, घरात दोन पिढ्या तंबाखूची शेती, आणि लहानपण वखारींच्या दर्पात गेलेले. त्यामुळे प्रक्रियेविषयी थोडे लिहितो. आमच्याकडे विडीची तंबाखू पिकते. झाडाचा शेंडा खुडतात, बगलफूट काढत राहतात, म्हणजे सगळा जोर राहिलेल्या पानांत उतरतो, आणि कापणीनंतर तंबाखू उन्हातच वाळवतात. सिगारच्या पानाला ऊन असे लागू देत नाहीत. ते जोड्या करून छपरात टांगतात, हवेवर सावकाश वाळू देतात आणि नंतर त्याचे मोठे ढीग रचतात. ढिगाच्या पोटात उष्णता निर्माण होते आणि पानातील अमोनिया बाहेर पडतो. आतले तापमान ठरावीक मर्यादेला पोहोचले की ढीग मोडून आतली पाने बाहेर आणि बाहेरची आत करून पुन्हा रचतात. ही आंबवणी घाईने उरकलेली असेल तर धूर नाकाला झोंबतो आणि जिभेला चरचरतो. असा धूर लोक ‘कडक’ समजतात, पण तो कडक नसून कच्चा असतो. कोपरीकरांनी हा भेद अवश्य ध्यानात घ्यावा, कारण कच्चेपणाचा दोष प्रदेशाच्या माथी मारला जातो.

मातीविषयी एक शेतकी बाब. जमिनीत किंवा पाण्यात क्लोराइड जास्त असेल तर पान नीट जळत नाही, वारंवार विझते; पोटॅश पुरेसे असेल तर जळणे सुधारते. तमिळनाडूत खाण्याची तंबाखू खाऱ्या विहिरीच्या पाण्यावरही घेतात, कारण ती जाळायची नसते. ओढण्याच्या तंबाखूला असे पाणी चालत नाही.

या चर्चेत भारताचे नाव कोणी घेतले नाही याचे वाईट वाटते. तिरुचिरापल्लीचे चिरूट एकोणिसाव्या शतकात इंग्लंडपर्यंत जात होते आणि त्यांना लागणारी तंबाखू दिंडिगुलच्या परिसरातून येत असे. दिंडिगुलजवळच्या वेदसंदूर येथे तंबाखूचे संशोधन केंद्र आहे, आणि सिगारच्या रॅपरवर काम करण्यासाठी पश्चिम बंगालमधील कूचबिहार जिल्ह्यात दिनहाटा येथेही एक केंद्र उभारले गेले. तिरुचिरापल्लीचा चिरूट उग्र असतो, त्याची दोन्ही टोके उघडी असतात आणि नजाकतीत तो क्युबाच्या जवळपास येत नाही, हे मान्य. पण प्रदेशांची तुलना करणाऱ्या मराठी माणसाने तो एकदा तरी मांडून पाहावा असे मला मनापासून वाटते.


खारघर_दंतवैद्य

चवीच्या चर्चेत एक वैद्यकीय मुद्दा मांडतो, कारण तो कडकपणाच्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. सिगारचा धूर सिगारेटच्या धुरापेक्षा अधिक अल्कधर्मी असतो, त्यामुळे त्यातील निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात शोषले जाते. कोपरीकरांना अर्ध्यावर तंबाखू लागली ती झुरका छातीत न घेताही, याचे कारण हेच. रिकाम्या पोटी हा परिणाम अधिक जाणवतो. ‘आम्ही धूर आत ओढत नाही’ हे वाक्य मी रोज ऐकतो. परंतु तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका त्याने टळत नाही, आणि एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर तपासणी लांबवू नये.


कोपरीकर (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डॉक्टरांचा मुद्दा गटापुढे जसाच्या तसा ठेवणार आहे. पुढील बैठकीसाठी एस्तेलीवर बेतलेली निकाराग्वाची पुरो आणि डॉमिनिकन पुरो अशी जोडी ठरवली आहे. तिसऱ्या वेळी चिरूट. एकच शंका उरते. पावसाळ्यात आमच्याकडे सिगार फुगतात, ओढताना धूर येत नाही आणि वारंवार विझतात. अशा स्थितीत केलेली तुलना ग्राह्य धरावी का?


घणसोलीकर

धरू नये. सिगारसाठी 65 ते 70 टक्के आर्द्रता योग्य असते आणि ठाण्यात जुलैत ती सहज 85 च्या वर जाते. ओल्या सिगारमध्ये एस्तेली काय आणि हालापा काय, सगळ्यांचीच चव कडवट आणि बंद होते. महागडा ह्युमिडॉर (सिगार ठरावीक आर्द्रतेत ठेवण्याची पेटी) नसला तरी चालतो: घट्ट झाकणाच्या हवाबंद डब्यात 65 टक्क्यांचे, दोन्ही बाजूंनी काम करणारे (जास्तीचा ओलावा शोषणारे आणि कमी पडल्यास सोडणारे) आर्द्रतेचे पाकीट आणि एक लहान आर्द्रतामापक ठेवावा. ओल्या झालेल्या सिगार त्यात काही आठवडे राहू द्याव्यात आणि मगच ओढाव्यात. वातानुकूलित खोलीत उघड्या ठेवल्या तर त्या कोरड्या पडून रॅपर तडकतो, म्हणून तोही उपाय नव्हे.

आपल्याकडे ओलाव्याइतकाच त्रास उष्णतेचा आहे. तंबाखूच्या पानात किड्याची अंडी असू शकतात आणि ती आपल्या उन्हाळ्याच्या तापमानात उबतात. रॅपरवर टाचणीने केल्यासारखे गोल भोक दिसले तर ती सिगार लगेच वेगळी काढावी. उरलेल्या सिगार हवाबंद पिशवीत घालून तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवाव्यात, नंतर एक दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आणि मगच पुन्हा डब्यात. थेट बाहेर काढल्यास पिशवीत पाणी सुटते आणि रॅपर उकलतो.