मदत हवी आहे : मुखवट्याआडची नायिका आणि तिचा टीममधलाच प्रियकर

नमस्कार मंडळी,

एक दीर्घकथा लिहितेय आणि मधल्या भागात पार अडकलेय. नायिका सुपरहिरो आहे. टीममधल्याच एकाशी तिचं जुळलंय. त्याचं खरं नाव तिला माहीत आहे, तिचं मात्र त्याला नाही. घरच्यांच्या जिवाला धोका नको म्हणून ती लपवते.

कॉमिक्समध्ये असे प्रसंग आहेत. बॅटमॅनचा साथीदार रॉबिन (खरं नाव टिम ड्रेक) आणि स्पॉयलर ही मुखवटाधारी नायिका यांचं प्रेम असंच एकतर्फी ओळखीवर चालतं; त्याला तिचं खरं नाव माहीत, तिला त्याचं नाही, आणि शेवटी टिमचं नाव तिला सांगतो बॅटमॅन, तेही टिमला न विचारता! मला तो प्रसंग फार लागला होता. स्पायडरमॅन त्याची प्रेयसी ब्लॅक कॅट हिच्यासमोर मुखवटा काढतो तेव्हा तर वेगळंच होतं. तिला मुखवट्यामागचा साधा पीटर नकोसाच वाटतो.

माझी खरी अडचण वाचकाच्या सहानुभूतीची आहे. जो माणूस लढाईत तिच्यासाठी जीव धोक्यात घालतो, त्याच्यापासून नाव लपवणं कधीपर्यंत काळजी वाटेल आणि कुठून पुढे फसवणूक? मला वाटतं, त्याने एकदा थेट विचारलं आणि ती खोटं बोलली, की रेषा ओलांडली गेली. नुसतं गप्प राहणं वाचक माफ करेल. तुम्हाला पटतं का?

आणि उलगडा कसा व्हावा? तिने स्वतः सांगावं, की त्याने आधीच ओळखलेलं असावं? दुसऱ्यात तिच्या निर्णयाचं वजनच जाईल, अशी भीती वाटते. असं काही लिहिलं-वाचलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.